दोन मिनिटांची नोंद

किशोरने पिशवीला गुंडाळलेला रबर बँड ओढला, तर तो ताणला न जाता तुकड्यातुकड्यांनी गळून पडला. काही तुकडे प्लॅस्टिकला चिकटून राहिले. ते त्याने नखाने खरवडून काढले, आतली हार्ड डिस्क बाहेर घेतली आणि हातात तशीच धरून ठेवली. समोर बसलेल्या गौतमीने हात पुढे केला होता. तो तिने हळूच मागे घेतला.

"चालेल की नाही सांगता येत नाही," तो म्हणाला. "आठ वर्षं कपाटात आहे. मी उघडून पाहिलेली नाही."

"एकदाही नाही?"

"नाही."

नेऱ्यातलं ते तीन मजली घर किशोरच्या वडिलांनी, नथूंनी, शेताच्या कडेला बांधलं होतं. खालच्या दोन मजल्यांवरच्या खोल्या हिंजवडीत कामाला जाणाऱ्या पोरांना भाड्याने दिलेल्या होत्या आणि घरची माणसं सगळ्यात वर राहत होती. खिडकीतून पलीकडच्या इमारतीचं अर्धवट बांधकाम दिसत होतं. तिथून उडणारी सिमेंटची धूळ खिडकीच्या गजांवर, टेबलावर, पाण्याच्या तांब्यावर बसलेली होती. नथू दाराजवळच्या खाटेवर बसून सगळं ऐकत होते. गौतमी आल्यापासून ते एकदाच बोलले होते.

"त्या कपाटाला हात लावू देत न्हाई कुनाला," ते म्हणाले होते. "आईला सुदिक न्हाई."

किशोरने डिस्क टेबलावर ठेवली आणि दोन बोटांनी तिच्याकडे सरकवली.

"एक सांगायचं होतं," तो म्हणाला. "यात काय आहे ते तुम्ही बघणार. तुमचं कामच आहे ते. पण मला कळवू नका."

"कशाबद्दल म्हणताय, सर?"

"तुम्हाला माहीत आहे."

गौतमीला माहीत होतं. कंपनीत सगळ्यांनाच थोडंथोडं माहीत होतं, आणि त्याहून जास्त कुणी विचारत नसे.

ती कंपनीत लागली तेव्हा किशोरला तिथून जाऊन पाच वर्षं झाली होती. हिंजवडीतल्या एका जुन्या इमारतीत दोन मजल्यांवर मावणारी ती लहान कंपनी होती. नवजात बाळांना ऊब देणारी यंत्रं, ज्यांना दवाखान्यात वॉर्मर म्हणतात, ती चालवणारं सॉफ्टवेअर तिथे तयार होई. बाळाच्या पोटावर एक छोटी तबकडी चिकटवलेली असते. तिच्यावरून तापमान कळतं, आणि वरचा हीटर त्याप्रमाणे कमीजास्त होतो. काही बिघडलं तर भोंगा वाजतो. नर्सने बटण दाबलं की भोंगा दोन मिनिटं गप्प बसतो, आणि बिघाड तसाच असेल तर पुन्हा वाजू लागतो.

२०१७च्या ऑगस्टमध्ये एका लहान प्रसूतिगृहात तो दोन मिनिटांनी वाजला नाही. तबकडी निसटली होती, बाळ थंड आहे असं समजून हीटर तापत गेला होता. नर्सने बटण दाबलं आणि ती शेजारच्या खोलीत अडलेल्या बाईकडे धावली. दोन मिनिटांत भोंगा आठवण करून देईल हे तिला सवयीने ठाऊक होतं. ती परत आली तेव्हा अठरा मिनिटं झाली होती. बाळ वाचलं. कसं वाचलं याबद्दल कंपनीत कुणी बोलत नसे.

चौकशीत दोनच्या जागी वीस मिनिटं लिहिलेली सापडली. ती फाइल किशोरची होती. तिच्या माथ्यावर त्याचंच नाव होतं. भोंग्याच्या आवाजाने टेबलावरची चाचणी करता येत नाही म्हणून आपण एकदा तिथे वीस लिहिल्याचं त्याला आठवत होतं. परत दोन केले का, ते शपथेवर सांगता येईना. कंपनीचे प्रमुख निरंजन यांनी सगळ्यांसमोर विचारलं, हे तुझं आहे का. किशोर हो म्हणाला. त्याच महिन्यात त्याने राजीनामा दिला.

खरं तर असा प्रश्न कुणाला विचारावा लागू नये. सॉफ्टवेअरमध्ये केलेल्या प्रत्येक बदलाची नोंद राहते: कुणी केला, कोणत्या दिवशी, किती वाजता, आणि का. पण त्या सगळ्या नोंदी ज्या सर्व्हरवर होत्या तो त्याच वर्षी जूनमध्ये बंद पडला होता. नवीन यंत्रं पाठवायची तारीख जवळ आलेली. जुनं ओढत बसायला नको, असं निरंजननी ठरवलं. कुणाच्या तरी कॉम्प्युटरवर असलेली ताजी प्रत घेऊन नव्या पद्धतीने कामाला सुरुवात झाली. त्या नव्या इतिहासाची पहिली नोंद एकाच शब्दाची होती, 'सुरुवात'. आधीची नऊ वर्षं त्या शब्दाखाली गेली.

आता यंत्रं परदेशात विकायची होती आणि तिकडच्या तपासनिसांनी पहिल्या दिवसापासूनचा इतिहास मागितला होता. ते काम गौतमीकडे आलं. जुना सर्व्हर भंगारात गेलेला. जुन्या पत्रव्यवहारात मात्र तिला एक ओळ सापडली: कार्यालयात आग वगैरे लागली तर एक प्रत बाहेर असावी, म्हणून दर शुक्रवारी किशोरने सगळ्या नोंदींची प्रत काढून घरी न्यावी. ती व्यवस्था निरंजननीच लावली होती. पत्राखाली त्यांचं नाव होतं. चौकशी चालू असताना ती प्रत कुणीच कशी मागितली नाही, हे त्या दिवशी गौतमीला कळेना. दोघांपैकी एकानेही.

रत्नाबाईंनी, किशोरच्या आईने, चहा आणून ठेवला. गौतमीने तो उभ्याउभ्याच प्यायला, डिस्क ओढणीत गुंडाळून बॅगेत ठेवली आणि निघाली. जिन्यात तिला वाटलं, मागून कुणीतरी हाक मारील. कुणी मारली नाही.

डिस्क लावली की आतून बारीक टकटक येई, थोडा वेळ सुरळीत चाले, मग एका ठिकाणी येऊन अडे. गौतमीने तिला जोर लावला नाही. कोपऱ्यातल्या मीटिंगच्या खोलीत, एसीच्या वाऱ्याखाली ठेवून, वाचता येईल तेवढा भाग आधी उतरवून घेतला. अडलेल्या जागा वगळल्या, आणि मग एकेका जागेकडे परत परत जात राहिली. असे तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी दुपारी शेवटचा तुकडा उतरला. एकूण चार हजार तीनशे सोळा नोंदी होत्या.

जुनी पद्धत वेगळी, नवी वेगळी. एकीतल्या नोंदी दुसरीत आणताना प्रत्येकीचं नाव, तारीख आणि मजकूर तसाच राहिला पाहिजे. जुन्या नोंदींत माणसांची नावं नव्हती, लॉगिन होती: कुठे दोन अक्षरं, कुठे टोपणनाव. गौतमीने एक यादी केली, एका बाजूला लॉगिन आणि दुसऱ्या बाजूला माणसाचं पूर्ण नाव. सोडून गेलेल्यांची नावं ती जुन्या लोकांना विचारून लिहून घेत होती. किशोरच्या नावासमोर एकवीसशेहून जास्त नोंदी होत्या.

त्या तिने वाचायची गरज नव्हती. आकडे जुळले की पुरे होतं. पण तिने वाचायला सुरुवात केली आणि मग तिला थांबता येईना. बाकीचे लोक इंग्रजीत दोन शब्द टाकून मोकळे होत. किशोर मराठीत लिही, इंग्रजी अक्षरांत, आपल्याशीच बोलल्यासारखं. 'तबकडी सुटली तर भोंगा जास्त मोठ्याने वाजवावा का? डॉक्टरांना विचारणे.' 'डॉक्टर हो म्हणाले. केलं.' 'आज शंभर वेळा वाजवलं. शंभर वेळा वाजलं.' एका नोव्हेंबरात लिहिलं होतं, 'उद्या भात काढायचा आहे, येणार नाही, हे अर्धवट आहे, कुणी हात लावू नये.' त्याच्या दुसऱ्या दिवसाची नोंद नव्हती. तिसऱ्या दिवशी 'पूर्ण केलं' एवढंच.

नेऱ्याच्या घरात समोर बसलेला माणूस आणि हा माणूस एकच आहे, हे तिला जुळवून घ्यावं लागत होतं.

२०१७च्या जानेवारीपाशी ती येऊन पोचली तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते. दहा जानेवारी, मंगळवार. 'तात्पुरतं. चाचणीसाठी दोनचे वीस केले. परत दोन करायचे आहेत.' ती खाली सरकली. बारा जानेवारी, गुरुवार, सकाळी नऊ चाळीस. 'परत दोन केले. वाजवून पाहिलं.'

गौतमीने फाइल उघडली. तिथे दोन होते.

मग ती पुढे एकेक नोंद करत गेली. तीन फेब्रुवारीला वीस पुन्हा दिसले. ती नोंद किशोरची नव्हती. निरंजननी अकरा जानेवारीला स्वतःकडे एक प्रत घेतली होती, म्हणजे किशोरने वीस केल्यानंतर आणि परत दोन करण्याआधी. तिच्यावर ते ग्राहकासाठी वेगळं काम करत होते. तीन फेब्रुवारीला त्यांनी दोन्ही प्रती एकत्र केल्या. अशा वेळी जिथे दोन प्रतींतला मजकूर जुळत नाही तिथे प्रणाली थांबते आणि विचारते, कुठला ठेवू. दर ठिकाणी बघून उत्तर द्यायचं असतं. कंटाळा आला, घाई असली, तर सगळ्यांना मिळून एकच उत्तरही देता येतं. नोंदीत लिहिलं होतं, 'दोन्ही एकत्र केलं. जुळलं नाही तिथे माझं ठेवलं.' अशी एकतीस ठिकाणं होती. त्यांतलं एक भोंग्याचं.

गौतमीने ते तीन वेगवेगळ्या पद्धतींनी तपासलं. तिन्ही वेळा तेच निघालं. मग ती उठली आणि पाण्याची बाटली घेऊन कूलरपाशी गेली. नळ सोडल्यावर तिला दिसलं की बाटली भरलेलीच आहे.

निरंजन पन्नाशी ओलांडलेले, मितभाषी गृहस्थ होते. केबिनच्या खिडकीबाहेर मेट्रोचे खांब एका ओळीत उभे होते. गौतमीने लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला आणि तिन्ही नोंदी एकाखाली एक दाखवल्या. त्यांनी चष्मा काढला, पुन्हा लावला.

"त्या दिवशी मी नाशिकला होतो," ते शेवटी म्हणाले. "ग्राहकाच्या कँटीनमध्ये बसून केलं होतं हे. बाहेर त्यांची माणसं थांबली होती."

त्यांनी पडद्यावर बोट टेकवलं आणि बारा जानेवारीची नोंद पुन्हा वाचली.

"किशोरला सांगितलंस?"

"नाही. सांगू नका म्हणाले."

"असं म्हणाला?"

"डिस्क देतानाच."

निरंजननी लॅपटॉप अलगद तिच्याकडे फिरवला.

"मग झालं," ते म्हणाले.

ती दारापर्यंत गेल्यावर त्यांनी तिला थांबवलं. तपासनिसांना सध्या विकल्या जाणाऱ्या यंत्राचाच इतिहास लागेल, असं त्यांचं मत होतं. तो तिसऱ्या आवृत्तीपासून सुरू होतो. त्याच्या आधीचं जोडलं नाही तरी चालण्यासारखं होतं. "बघ," ते म्हणाले, आणि टेबलावरचा फोन हातात घेतला.

या 'बघ'चा अर्थ तिला कळत होता. तिने दोन दिवस ते काम बाजूला ठेवलं. जांब्यातल्या भाड्याच्या खोलीवरून ऑफिसला येताना, हिंजवडी फेज तीनच्या चौकात गाड्या अडकलेल्या असताना, ती मनातल्या मनात वाक्यं जुळवत असे. निरंजनना म्हणायची वाक्यं. त्यांतलं एकही तिने त्यांना ऐकवलं नाही. तिसऱ्या दिवशी तिने दोन्ही इतिहास जोडले. जुन्याचं शेवटचं टोक आणि नव्याची 'सुरुवात' यांत चार दिवसांचं अंतर निघालं, तीन फाइलींत किरकोळ फरक निघाला. त्याची तिने स्वतःच्या नावाने वेगळी नोंद केली. बाकी एका अक्षराला हात लावला नाही. तपासनिसांना द्यायच्या पत्रात तिने लिहिलं, 'सोबतचा इतिहास पहिल्या नोंदीपासून पूर्ण आहे,' आणि पत्र निरंजनच्या टेबलावर सहीसाठी ठेवून दिलं.

संध्याकाळी ते तिच्याकडे परत आलं. सही होती. 'पहिल्या' या शब्दाखाली शाईचा एक ठिपका होता, पेन टेकवून कुणी थांबलं असावं तसा.

आठवड्याने तपासनिसांचं उत्तर आलं की सगळं मिळालं, मांडणी योग्य आहे. अकरा हजारांवर नोंदी होत्या. नमुना म्हणून त्यांनी वीसएक उघडल्या होत्या, त्या कुठल्या तेही कळवलं होतं. तीन फेब्रुवारीची त्यांत नव्हती. ती आता सगळ्यांसमोर होती आणि कुणीही ती वाचणार नव्हतं.

म्हणून गौतमी पुन्हा नेऱ्याला गेली. किशोरने घातलेली अट तिने मोडायचं ठरवलं होतं. वाईट काही निघेल या भीतीने त्याने ती घातली असणार, आणि वाईट काही निघालं नव्हतं, अशी तिने स्वतःची समजूत घातली. आठ वर्षं माणसाने न केलेली गोष्ट डोक्यावर घेऊन जगावं आणि ते ठाऊक असलेल्या बाईने गप्प बसावं, हे तिच्याने होईना. गुरुवार होता. तिने अर्ध्या दिवसाची रजा घेतली.

घरी फक्त नथू होते.

"बेस्तरवारी त्यो नसतो," ते म्हणाले. "भुकूमला असतो. पोरीला घिऊन जातुया."

गौतमीने विचारलं, कुणाची मुलगी.

"डोंगरातली हाय," नथू म्हणाले आणि तिच्याकडे न बघता पायाने चप्पल नीट लावत राहिले. "मशिनीतली."

तिला पत्ता विचारायला थोडा वेळ लागला.

माण, घोटावडे, पिरंगुट असं करत ती भुकूमला पोचली तेव्हा तीन वाजून गेले होते. आभाळ दिवसभर भरल्यासारखं होतं आणि पडत काही नव्हतं. नव्या इमारतींच्या मध्ये एका जुन्या दुमजली घराच्या वर लहान मुलांच्या व्यायामोपचाराचं केंद्र होतं. वरच्या व्हरांड्यातल्या बाकावर एक म्हातारी बसली होती. नऊवारी गुडघ्यापर्यंत वर घेतलेली, हातात दोन लहान बूट. ते बूट लोखंडी पट्ट्या बसवलेले होते. दाराच्या काचेतून आतलं दिसत होतं. गादीवर आठ वर्षांची एक मुलगी उताणी पडली होती, तिची मान एका बाजूला कललेली, मनगटं आत वळलेली. तिच्या पायांशी किशोर बसला होता. तो तिचं पाऊल तळहातावर घेऊन हळूहळू गुडघ्यातून वाकवत होता, सरळ करत होता, आणि तोंडाने काहीतरी सांगत होता. मुलगी छताकडे बघून हसत होती.

गौतमी बाकाच्या टोकाला बसली. म्हातारीने तिला विचारलं, तुझं पोरगं कुठलं. तिने सांगितलं की ती किशोर सरांच्या जुन्या ऑफिसातली आहे.

म्हातारीने तिला नीट न्याहाळलं. तिचं नाव तानुबाई. डोंगरातल्या एका धरणाच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीवर ती राहत होती. मुलगी तिच्या लेकाची, कैलासची, नाव सृष्टी. तो आणि सून दिवसभर मजुरीला जात, म्हणून पोरीबरोबर ती येई. किशोर सकाळी गाडी घेऊन वाडीच्या पायथ्याशी येतो, पोरीला खांद्यावर घेऊन उतरतो आणि संध्याकाळी तसाच वर पोचवतो, असं तिने सांगितलं. सात वर्षांत तीनच गुरुवार चुकले होते.

"दवाखान्याचं कुनी आलं न्हाई," तानुबाई म्हणाली. "तुमच्या हापिसाचं न्हाई. ह्यो हुडकत हुडकत आला. पायातलं काढून दारात हुबा ऱ्हायला. म्हनला, मशीन माझं व्हतं, माझ्या हातनं चुकलं. कैलासनं धरून हानला त्याला. लई हानला. त्यो हुबाच."

"मग?"

"मग काय. दुसऱ्या बेस्तरवारी परत आला."

ती बुटांवरची धूळ पदराने पुसू लागली. पहिलं वर्षभर त्याला वाडीवर कुणी पाणी विचारलं नाही, असं ती म्हणाली. मग एक दिवस तिनेच भाकरी वाढली. आता कैलास त्याला अरे-तुरे करतो आणि सणाला जेवायला थांबवतो. त्याच्याशी भांडतोही, घरच्यासारखा.

दार उघडून किशोर बाहेर आला. गौतमीला बघून तो जागीच थांबला. तानुबाईला त्याने आत पोरीजवळ बसायला सांगितलं. ती गेल्यावर त्याने दार ओढून घेतलं आणि कठड्याला टेकून उभा राहिला. खालून टँकर जात होता. त्याचा आवाज ओसरेपर्यंत दोघं थांबली.

"कळवू नका म्हणालो होतो," तो म्हणाला.

"तुमचं नव्हतं ते, सर."

तिने सांगितलं. दहा जानेवारी, बारा जानेवारी, तीन फेब्रुवारी. सांगताना तिने नोटीस वाचल्यासारखा आवाज कोरडा ठेवला, कारण दुसऱ्या कुठल्याही आवाजात तिला ते सांगता आलं नसतं. किशोरने मध्येच विचारलं, बाराला किती वाजता.

"नऊ चाळीस."

"सकाळी?"

"सकाळी. 'वाजवून पाहिलं' असंही लिहिलंय तुम्ही."

किशोरने मान हलवली. दोन्ही हातांनी कठडा धरला, आणि त्याच्या मनगटावरची शीर वर आली. खूप वर्षांपूर्वी वाट चुकलेला माणूस घराच्या खुणा ऐकतो तसा तो ऐकत होता.

"म्हणजे आठवत होतं ते बरोबर होतं," तो म्हणाला. "मला वाटायचं, मी मनानेच रचलंय. सुटायला."

"तुम्ही डिस्क का नाही उघडली?"

"आधी धीर झाला नाही." तो थांबला. काचेतून आत त्याची नजर गेली. तानुबाई पोरीचे केस मागे सारत होती. "आणि मग इथे यायला लागलो."

गौतमी पुढचं ऐकायला थांबली. त्याने तिच्याकडे वळून दुसरंच विचारलं.

"निरंजनला दाखवलंत?"

"हो. कागदोपत्रीही सगळं तसंच ठेवलंय, पूर्ण. त्यांनी सही केली."

"या मुलीबद्दल त्याला माहीत आहे? ती कुठे राहते, इथे येते, हे?"

"नाही. मलाच आज कळलं. पण त्यांना सांगता येईल, सर. त्यांना सांगायलाच पाहिजे. आणि या लोकांनाही."

"नाही," किशोर म्हणाला. त्याने आवाज चढवला नव्हता, पण गौतमीने बोलणं थांबवलं. "त्याला इथला पत्ता देऊ नका. वाडीचाही नको. तो भला माणूस आहे. येईल कदाचित. यायला नको."

गौतमीने त्याच्याकडे पाहिलं. आठ वर्षांचं ओझं उतरलेला माणूस कसा दिसेल, हे तिने येताना गाडीत कितीदा तरी मनाशी पाहिलं होतं. समोरचा चेहरा त्यातला नव्हता. तो घाबरलेला होता. आपल्या ताब्यातलं काही कुणी मागायला आलं तर माणूस जसा दारात आडवा होतो, तसा तो दारासमोर उभा होता, आणि ते त्याचं त्याला कळत नसावं.

दार आतून उघडलं. तानुबाई पोरीला कडेवर घेऊन बाहेर आली. एवढी मोठी मुलगी तिला पेलत नव्हती. किशोरने पुढे होऊन तिला घेतलं. सृष्टीने त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकवली आणि तोंडातून सुटलेली लाळ त्याच्या शर्टाला पुसली. तिच्या पाठीवर हात ठेवून त्याने तिला सावरलं.

तानुबाईने दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहिलं. मग ती गौतमीला म्हणाली,

"आता काय इचारत व्हतीस त्याला? आटेक वर्सं झाली. जुनं उकरून काय घावायचं हाय? त्यानं कबूल केलंया की." आणि किशोरकडे वळून, "व्हय ना रं?"

किशोर पोरीचं डोकं खांद्यावर नीट घेत होता. ते झाल्यावर त्याने मान वर केली. तो म्हातारीला बोलला, पण बघत गौतमीकडे होता.

"व्हय, आजी. माझ्याच हातनं झालं."

"मग?" तानुबाई म्हणाली आणि जिन्याकडे निघाली.

तो तिच्यामागे गेला. पोरीला सांभाळत, आधी पायरी चाचपून मग पाऊल टाकत, तो उतरू लागला. लोखंडी पट्ट्यांचे बूट बाकावरच राहिले होते. गौतमीने ते उचलले. वाटलं होतं त्याहून ते जड होते. ते दोन्ही हातांत धरून ती त्यांच्या मागोमाग खाली गेली.